गाडी म्हणते, चावी नाही!

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. गाड्यांमधलं मला कळतं! कुणी हसायचं कारण नाही. मी पाण्याचे पंप विकतो, आणि पंप म्हणजे तरी काय? मोटारच ना! एक मोटार पाणी ओढते, दुसरी माणसं ओढते. खाली चाकं लावली म्हणून तिचं कूळ बदलत नाही. त्यामुळे आमच्या गाडीला काही झालं, की आधी मी बघतो आणि मग गॅरेजवाल्याला बोलावतो. गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, उलटं करा. आधी मला बोलवा, मग तुम्ही बघत बसा." असे विनोद करायची त्याला सवय आहे. मी लक्ष देत नाही.

आमची गाडी जुनी आहे. पण खटारा नव्हे! बटणाची आहे. आख्खी गल्ली जेव्हा कपाटाचं कुलूप उघडल्यासारख्या चाव्या पिळत होती, तेव्हापासून मी नुसतं बटण दाबतोय. चावी म्हणजे साबणाच्या झिजलेल्या वडीएवढा एक काळा रिमोट. तो खिशात ठेवायचा, ब्रेकवर पाय द्यायचा, बटण दाबायचं, गाडी चालू! गाडी रिमोटला आपोआप ओळखते. घरातल्या माणसांपेक्षा चांगली ओळखते, असं मी चारचौघांत सांगत असे.

तर अशी ही गाडी. आणि नेमकी त्या दिवशी सासऱ्यांना डोळ्यांच्या ऑपरेशनला न्यायचं होतं!

सासरे आमच्याकडेच राहतात. आयुष्यभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्यांच्या हातचं अक्षर असं, की गिऱ्हाईक दुकानाऐवजी पाटीच बघत उभं राहायचं. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला, आणि बाबा मात्र मान्य करायला तयार नाहीत! "मला नीट दिसतं. हल्लीचे बल्बच मरतुकडे निघालेत." परवा माझ्या खुंटीवरच्या कोटाशी त्यांनी बराच वेळ गप्पा मारल्या. वर बायकोला म्हणाले, "जावईबापू हल्ली बरेच शांत झालेत." मध्यंतरी कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयाची पाटी रंगवायला घेतली, तर अक्षरं डावीकडून जी निघाली ती उतरत उतरत शेजारच्या चपलांच्या दुकानात शिरली. केशकर्तनालयवाल्या बिचाऱ्याने दुसऱ्या दिवशी गुपचूप छापील पाटी लावली. बाबांनी ती पाहिली नाही, पण कुणीतरी त्यांना सांगितलंच. तेव्हापासून त्यांचे ब्रश वाळून काटक्या झाले होते.

शेवटी बायकोने हट्टाने तारीख मिळवली. डॉक्टर म्हणे एकदम नामांकित, आणि दुसऱ्याच दिवसापासून लांबलचक रजेवर जाणार. आज हुकलं तर पुढचं कधी, हे कुणी सांगेना. त्यामुळे बायको सकाळपासून धनुष्यासारखी ताणलेली, आणि बाबा? बाबांना ऑपरेशनची अशी धडकी भरलेली, की सदऱ्याची बटणं लावायला त्यांनी जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात शिंप्याने नवा सदरा शिवून दिला असता!

"अहो, टॅक्सी बोलवू का?" बायको म्हणाली.

"घरात गाडी असताना टॅक्सी? लोक काय म्हणतील?"

"लोक काही म्हणत नाहीत. लोक टॅक्सीत बसतात आणि पोहोचतात."

मी बाबांना पुढच्या सीटवर बसवलं, स्टिअरिंगवर बसलो, ब्रेक दाबला, ऐटीत बटण दाबलं.

टींऽऽ! टींऽऽ!

आणि समोर लाल अक्षरं: चावी सापडत नाही.

आता तुम्हीच सांगा! चावी माझ्या हातात. हात गाडीत. आणि गाडी म्हणते, चावी सापडत नाही! मी रिमोट त्या लाल अक्षरांसमोर नाचवला. "ही बघ! ही काय आहे? वांगं आहे?"

टींऽऽ!

"काय म्हणते?" बाबांनी विचारलं.

"चावी सापडत नाही म्हणते."

"मग नसेल सापडली," बाबा इतक्या आनंदाने म्हणाले, की मला रागच आला. "गाडी कशाला खोटं बोलेल? चला, उतरू या. पुढच्या महिन्यात बघू."

"बाबा, तुम्ही जागेवरून हलायचं नाही!" बायको खिडकीतून ओरडली.

पण हलावं लागलंच. कारण माझं निदान असं होतं, की गाडीचा मेंदू गोंधळलाय. कॉम्प्युटर अडला की बंद करून परत चालू करतात की नाही? तसंच. मी बाबांना उतरवलं, सगळी दारं बंद केली, कुलूप घातलं, शांतपणे गाडीला एक प्रदक्षिणा घातली, म्हणजे तिला वाटावं की आपण नव्यानेच आलोय, आणि परत दार उघडून बसलो. बाबांनाही बसवलं.

टींऽऽ!

"झालं?" बाबा म्हणाले. "घरी जायचं ना?"

बायकोने फोन हातात घेतला. "मी टॅक्सी बोलावते."

"थांब! कळलं मला! रिमोटचा सेल गेलाय!"

हे निदान बरोबर होतं. पुढे काहीही घडलं असलं तरी हे निदान बरोबर होतं, हे कृपा करून लक्षात ठेवा. मला या प्रकरणात कुणी श्रेय दिलं नाही, म्हणून स्वतःच देतोय.

बाबांना घेऊन परत घरात आलो. आता तसला सेल आणायचा कुठून? स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यात तो असतो, हे मला ठाऊक होतं. मी काटा उलटा केला, सेल काढला. बायको म्हणाली, "माझा काटा!" मी म्हटलं, "डोळा मोठा की काटा?" मग मी भाजी चिरायची सुरी रिमोटच्या फटीत घातली आणि हलकेच, अगदी हलकेच पिळली.

फाट!

रिमोटचा एक भाग माझ्या हातात राहिला. दुसरा सोफ्याखाली गेला. मधलं रबर बाबांच्या मांडीवर पडलं. त्यांनी ते गोळी समजून उचललं आणि तोंडाकडे न्यायला लागले!

"बाबा, नको!"

"ऑपरेशनआधी घ्यायची नाही का?"

मी सोफ्याखाली सरपटत गेलो, बायकोने बाबांच्या मुठीतून रबर सोडवलं, सगळं जुळवलं, सेल बसवला, फटकन झाकण लावलं. धावत गाडीपाशी आलो. रिमोटचं बटण दाबलं. दार उघडेचना! आधी निदान दार तरी उघडत होतं!

"अहो, आधी दार उघडत होतं," बायको म्हणाली.

"दिसतंय मला!"

"म्हणजे तुम्ही सेल बदलल्यावर बिघडलं."

"म्हणजे दोष आपल्याला वाटला त्यापेक्षा खोल आहे!" मी म्हटलं. रिमोटच्या पोटातून निघणारी छोटी धातूची चावी वापरून दार उघडलं, तर गाडीने गल्ली डोक्यावर घेतली. चोर आल्यासारखा भोंगा! माझीच गाडी, माझ्याच दारात, मला चोर म्हणते! समोरच्या खिडक्या उघडल्या. भोंगा आपला आपण दमून थांबेपर्यंत मी सगळ्यांकडे बघून हसत होतो. तसं हसताना किती अपमान होतो, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळेल.

मग मात्र मी बाबांना परत पुढच्या सीटवर बसवलं आणि गॅरेजवाल्याला हाक मारली. त्याचं गॅरेज गल्लीच्या तोंडाशीच आहे. त्याला सगळे उस्ताद म्हणतात. सगळ्यांत जास्त तो स्वतः म्हणतो.

उस्ताद आला, बॉनेटवर टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला, "बॅटरी बसली."

मी दिवे लावून दाखवले. लख्ख!

"मग बसली नाही. स्टार्टर गेला."

"अरे, पण ती चावी सापडत नाही म्हणतेय!"

"मग सेन्सर!" उस्ताद म्हणाला. उस्तादला जे कळत नाही, त्याला तो सेन्सर म्हणतो. माझी खात्री आहे, त्याच्या घरी भात करपला तरी तो हेच म्हणत असणार. "उस्तादकडे याच्यावर इलाज आहे. रिमोट इकडे द्या. तुम्ही बसा, ब्रेक घट्ट धरा."

बायको म्हणाली, "मी तोवर फाइल घेऊन, दाराला कुलूप घालून येते. याच्याने नाहीच झालं, तर मी टॅक्सी सांगणार!" आणि ती आत गेली.

उस्ताद माझ्या खिडकीतून आत घुसला. म्हणजे कमरेपर्यंत! त्याचं पोट माझ्या छातीवर, कोपर हॉर्नवर. हॉर्न पोंऽऽ करून वाजतोय, आणि त्या गदारोळात त्याने रिमोट थेट बटणाला चिकटवला आणि रिमोटनेच बटण दाबलं.

घुर्रऽऽ!

गाडी चालू! उस्ताद खिडकीतून मागे सटकला आणि ओरडला, "बंद पडायच्या आत निघा! परत चालू होईल याची गॅरंटी नाही! निघा!"

आता अशा वेळी माणूस काय करील? निघेल! मी निघालो!

आरशात बघतो, तर बायको फाइल घेऊन धावतेय. तिच्यापुढे उस्ताद धावतोय आणि दोन्ही हात वर करून हलवतोय. मला वाटलं, यशाच्या आनंदात निरोप देतोय. मीही खिडकीतून हात हलवला.

"ती राहिली ना हो मागे?" बाबा म्हणाले.

"बाबा, आता थांबलो आणि गाडी बंद पडली तर? ती हुशार आहे, येईल मागून."

"हुशार आहे म्हणूनच म्हणतो. थांबा."

मी थांबलो नाही. आणि वळणावर गाडीचं पुन्हा तेच सुरू झालं: टींऽऽ! चावी सापडत नाही!

माझं डोकंच फिरलं. "अगं, सापडत नाही तर धावतेस कशी? काय खाऊन धावतेस?" मी डॅशबोर्डवर एक चापट मारली. टींऽऽ! तेवढ्यात खिशातला फोन वाजायला लागला. बायको! मी घेतला नाही. एक तर गाडी चालवताना मी फोन घेत नाही, आणि दुसरं म्हणजे ती काय बोलणार हे मला पाठ होतं. फोन थांबला. परत वाजला. इकडे टींऽऽ, तिकडे ट्रिंग ट्रिंग! दोघी मिळून मला काहीतरी सांगत होत्या, आणि मी दोघींनाही दटावत होतो!

"घ्या की तो फोन," बाबा म्हणाले.

"नियम म्हणजे नियम, बाबा!"

"मग मी घेऊ?"

"नको! तुम्ही मागे फोन घेतला होता, तेव्हा टीव्हीचा रिमोट कानाला लावून बोलत होतात!"

बाबा रुसले. खिडकीबाहेर बघत बसले. त्यांना बाहेरचं काय दिसत होतं, देव जाणे.

प्रत्येक सिग्नलला मी जीव मुठीत धरून थांबत होतो, पण गाडी बंद पडली नाही. दवाखान्याच्या दारापर्यंत नेलंच मी! थेट पोर्चमध्ये, पायऱ्यांच्या समोर. गिअर पार्कमध्ये टाकला आणि विजयाने बाबांकडे बघितलं. बाबांनी पोर्चकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

वॉचमन आला. मिशा अशा, की त्यांनाच वेगळा पगार असावा. "पेशंट उतरवा आणि गाडी पुढे घ्या."

"पेशंटला वरपर्यंत सोडून येतो. गाडी चालूच राहू दे, बरं का."

"चालू गाडी सोडून जाता येणार नाही. बंद करा."

"बंद केली तर परत चालू होणार नाही!"

"मग चालू गाडी पुढे घ्या."

"मग पेशंटला कोण नेणार? त्यांना दिसत नाही!"

"मला दिसतं!" आतून बाबा ओरडले.

"ते दिसतं म्हणतायत," वॉचमन म्हणाला.

"ते काहीही म्हणतात! अहो, ही गाडी बटणाची आहे, तिला चावी ओळखू येत नाही, तिचा सेन्सर..."

"साहेब, बटणाची असो नाहीतर चेनची असो. बंद करा."

माझा आवाज चढला. त्याचा चढला. पायऱ्यांवर लोक जमले. मी दार उघडून उतरलो आणि त्याला जागतिक दर्जाचं तंत्रज्ञान समजावून सांगायला लागलो. तेवढ्यात मागून सगळा आवाज एकदम थांबला. घुरघुर नाही. टींऽऽ नाही. काही नाही.

मी वळलो. बाबांचं बोट बटणावर होतं.

"बाबा!"

"भांडण नको म्हणून बंद केली," बाबा म्हणाले. मग माझा चेहरा दिसला असावा. "म्हणजे... मला वाटलं, दार उघडायचं बटण आहे."

आजपर्यंत मला कळलेलं नाही, यातलं खरं कुठलं!

मी उडी मारून आत बसलो. ब्रेक, बटण. टींऽऽ! चावी सापडत नाही! ठीक आहे, उस्तादचा इलाज करू. रिमोट बटणाला चिकटवू. रिमोट... रिमोट! उजवा खिसा. डावा खिसा. सदऱ्याचा खिसा. सीटखाली. बाबांचे खिसे. बाबांच्या खिशात सुपारीची डबी, एक वाळका ब्रश आणि माझा हरवलेला चष्मा निघाला. रिमोट नाही!

आणि मग डोळ्यांसमोर उस्ताद आला. दोन्ही हात वर करून धावणारा. उजव्या हातात काहीतरी काळं.

फोन वाजला. या वेळी घेतला.

"रिमोट उस्तादच्या हातात राहिलाय!" बायको गरजली. "केव्हाची सांगतेय! तुम्ही गाडी बंद करू नका, एवढंच सांगायचं होतं!"

"हं," मी म्हटलं.

"बंद नाही ना केली?"

"मी नाही केली."

मग ती म्हणाली, "मी टॅक्सीत आहे. रिमोट माझ्याकडे आहे. कुणाशी भांडू नका."

पण हे जग माणसाला न भांडता जगू देतं का? गाडी ढकलावी म्हटलं, तर गिअर पार्कमध्ये जाम. स्टिअरिंग जाम. वॉचमनने आणि मी खांदे लावले, पण ती खडकासारखी उभी. आणि मागून हॉर्न! एक छोटी पांढरी गाडी, आत एक बाई. हॉर्नवर हॉर्न! मी तरातरा गेलो.

"काय आहे?"

"मला आत जायचंय. गाडी बाजूला घ्या."

"बाजूला घेता आली असती तर मी इथे उभा राहिलो असतो का? गाडी बंद आहे!"

"मग चालू करा."

"चावी सापडत नाही तिला!"

"तिला?" बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे आहे ना चावी?"

"माझ्याकडे नाही! पण होती तेव्हाही तिला सापडत नव्हती!"

बाईंनी घड्याळ बघितलं. "हे बघा, मला उशीर होतोय. माझी आत माणसं थांबलीत."

"माझीही थांबलीत! एवढी मोठी गाडी बंद पडलेली दिसत नाही, आणि हॉर्न वाजवताय? आधी डोळे तपासून घ्या! आलाच आहात तर आतच घ्या तपासून!"

मला हे वाक्य फार आवडलं. पायऱ्यांवरही एकदोघे हसले. बाई शांतपणे उतरल्या, चावी वॉचमनच्या हातात दिली आणि पायऱ्या चढून आत गेल्या. वॉचमनने त्यांना इतका कडक सलाम ठोकला, की मला तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं. पण रागात माणसाला सलामाचा अर्थ लागत नाही.

मग धोब्याचा टेम्पो आला. दवाखान्याच्या धुतलेल्या चादरी, ऑपरेशनचे हिरवे अंगरखे, सगळं त्यात. तो अडकला पांढऱ्या गाडीच्या मागे. आता दवाखान्याची माणसं डोक्यावर हिरवी गाठोडी घेऊन माझ्या गाडीला वळसा घालून जायला लागली. जाणारा प्रत्येक जण थांबून सल्ला देत होता! एक म्हणाला, रिमोट उन्हात ठेवा. रिमोटच नाही तर ठेवू काय, माझं डोकं? एक म्हणाला, बटण हळू दाबा, तिला राग येतो. एका गाठोडेवाल्याने तर सरळ म्हटलं, "साहेब, विकून टाका."

तेवढ्यात चाकाची खुर्ची ढकलत नर्स आली. "ऑपरेशनचे बाबा कुठे आहेत?"

"मी नव्हे," गाडीतून बाबा म्हणाले.

"बाबा!"

"फाइल मागे राहिलीय हो," बाबा नर्सला कळवळून म्हणाले. "फाइल नाही तर ऑपरेशन कसं होणार?"

"सगळे रिपोर्ट आमच्याकडे आहेत. चला."

बाबांनी माझा हात धरला. त्यांचा हात थंडगार पडला होता. ती सरळ रेघ मारणारी बोटं माझं मनगट सोडेनात. क्षणभर माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. "बाबा, मीही येतो," मी म्हटलं.

"गाडी सोडून जाता येणार नाही!" वॉचमन म्हणाला.

राग परत आला! पण त्याने मला हलू दिलं नाही. बाबा खुर्चीतून आत गेले, मान वळवून माझ्याकडे, म्हणजे माझ्या शेजारच्या खांबाकडे बघत.

शेवटी बायको आली. तिची टॅक्सी टेम्पोच्या मागे अडकली, म्हणून ती चालत आली. तिने रांग बघितली, गाठोडी बघितली, मला बघितलं. आणि रिमोट माझ्या तळहातावर ठेवला. मी आत बसलो. बटणाला चिकटवायला हात उचलला.

"चिकटवायला नको. नुसतं दाबा," ती म्हणाली.

दाबलं. घुर्र! पहिल्या फटक्यात! ना टींऽऽ, ना लाल अक्षरं!

पायऱ्यांवर टाळ्या पडल्या. अशा टाळ्या वैऱ्यालाही मिळू नयेत.

"काय केलंस तू?"

"टॅक्सीत उघडून बघितला. सेल उलटा बसवला होता तुम्ही. केसातल्या पिनेने काढला आणि सुलटा घातला."

उलटा! आता मला सांगा, सेल नाण्यासारखा गोल. त्याला डोकं कुठलं, पाय कुठले? ज्याने बनवला त्याने जरा ठसठशीत अक्षरात लिहायला नको? बायको म्हणते, लिहिलंय. असेल! पण माझा चष्मा बाबांच्या खिशात होता, याची जबाबदारी कोण घेणार?

गाडी रीतसर लावून आम्ही वर गेलो, तोवर बाबांना आत नेलं होतं. बंद दाराबाहेर बाकावर बसलो. बायको हातात फाइल घट्ट धरून दाराकडे बघत होती. मी सहज भिंतीकडे बघितलं. भिंतीवर दवाखान्यातल्या डॉक्टरांचे फोटो होते. सगळ्यांत वर, सगळ्यांत मोठा फोटो त्या नामांकित नेत्रतज्ज्ञ बाईंचा.

पांढऱ्या गाडीवाल्या!

जिला मी भर पोर्चमध्ये, पब्लिकसमोर, डोळे तपासून घ्या म्हणालो, ती बाई या क्षणी माझ्या सासऱ्यांच्या डोळ्यावर हत्यार घेऊन वाकली होती!

"अहो, घाम का फुटलाय?" बायकोने विचारलं.

"गरम होतंय."

"एसी चालू आहे."

"मग सेन्सर गेला असेल," मी म्हटलं आणि उठून फोटोसमोर पाठ करून उभा राहिलो, म्हणजे तिला तो दिसू नये.

किती वेळ गेला, मला विचारू नका. दार उघडलं. खुर्चीत बाबा. एका डोळ्यावर पांढरी जाळी. आणि मागे हिरव्या अंगरख्यात, तोंडावरचा मास्क खाली ओढत, त्याच बाई!

"छान झालं ऑपरेशन," त्या बायकोला म्हणाल्या. "या डोळ्याने पंधरवड्यात सुई ओवतील. दुसरा डोळा मी रजेवरून आल्यावर करू." बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने बाबांचा हात धरला. मग बाईंची नजर माझ्याकडे वळली.

"आणि माझे डोळे तपासून झाले बरं का. उत्तम आहेत. तुमची गाडी आता अगदी स्पष्ट दिसते."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. छत स्वच्छ होतं.

"आजोबा, हे तुमचे कोण?" बाईंनी विचारलं.

बाबांनी मान वर केली. उघड्या डोळ्याने मला नीट निरखून बघितल्यासारखं केलं. त्या डोळ्याचा मोतीबिंदू अजून तसाच होता, पण ती नजर मी आयुष्यात विसरणार नाही.

"हा होय? ड्रायव्हर आहे. आजच ठेवलाय."

"सांभाळून हो, आजोबा. जरा तोंडाळ वाटतो."

"बघतो चार दिवस. नाही जमलं, तर दुसरा बघायचा."

मी तोंड उघडलं. मी या माणसाचा जावई! पण बायकोने माझा दंड असा दाबला, की तोंड आपोआप मिटलं. शिवाय मनात हिशेब केला: एक डोळा अजून बाकी आहे, आणि तोही याच बाई करणार आहेत.

खाली गाडी पोर्चमध्ये आणली. बाबा पुढे बसायला तयार होईनात. मुलीला घेऊन मागे ऐसपैस बसले आणि पाठीवर हात ठेवल्यासारखा आवाज काढून म्हणाले, "चल रे. आणि सावकाश घे."

वॉचमन बघत होता, म्हणून मी म्हटलं, "हो, साहेब."